जुन्या पद्धतीची बेक्ड मॅकरोनी अँड चीज घरी कशी करायची? सावेडीच्या स्वयंपाकघरासाठी पूर्ण माहिती, चीजच्या पाकिटापासून कढईतल्या ओव्हनपर्यंत

मॅकरोनी अँड चीजचं रील उघडलं की एक सीन ठरलेला असतो. चमचा वर जातो, चीजची लांबलचक तार निघते आणि खाली कमेंटमध्ये लोक एकमेकांना टॅग करायला लागतात. मग रविवारी घरोघरी प्रयोग होतो. मॅकरोनी उकडायची, वर भरपूर चीज किसायचं, भांडं ओव्हनमध्ये ढकलायचं. वीस मिनिटांनी बाहेर काय येतं? वर रबरासारखा थर, मध्ये कोरडी मॅकरोनी आणि तळाला सुटलेलं तेल.

करणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमत नाही. पण बहुतेक वेळा बिघडतं ते दोन ठिकाणी. पाकिटावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही आणि चीज घालण्याआधी गॅस कुणी बंद करत नाही. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर हा पदार्थ पुरणपोळीपेक्षा कितीतरी सोपा आहे.

अहिल्यानगरच्या सावेडीत हा विषय आणखी जवळचा आहे. कारण नाव परदेशी असलं, तरी या पदार्थाचे दोन मुख्य घटक म्हणजे गहू आणि दूध. आणि या दोन्हींचा नगर जिल्ह्याशी थेट संबंध आहे. तो कसा, ते आधी बघू. मग कृतीकडे वळू.

हा पदार्थ नेमका आला कुठून?

मॅकरोनी आणि चीज एकत्र करून खाण्याची पद्धत युरोपात फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या चौदाव्या शतकातल्या पाककृतींच्या संग्रहातही पिठाच्या पातळ पोळीचे तुकडे, लोणी आणि चीज यांचा एक प्रकार सापडतो. आज आपण जी बेक केलेली मॅकरोनी ओळखतो, तिच्या जवळ जाणारी कृती एलिझाबेथ राफाल्ड या इंग्लिश लेखिकेनं १७६९ साली छापली. पांढऱ्या सॉसमधली मॅकरोनी आणि वर शेकलेलं चीज. सूत्र आजही तेच आहे.

सोशल मीडियावर एक दावा नेहमी फिरतो की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी हा पदार्थ शोधला. हे खरं नाही. राफाल्डबाईंचं पुस्तक त्यांच्या कितीतरी आधीचं आहे. जेफरसन यांनी १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना मेजवानीत मॅकरोनीचा पाय वाढला होता, एवढं नोंदलेलं आहे. पण त्यांच्या घरात हे फ्रेंच धाटणीचं जेवण पोचलं ते जेम्स हेमिंग्ज यांच्या हातून. हेमिंग्ज हे जेफरसन यांचे गुलाम होते. १७८४ मध्ये त्यांना पॅरिसला नेऊन स्वयंपाक शिकवला गेला. १७९६ मध्ये त्यांना गुलामीतून मुक्त केलं, पण त्याआधी त्यांना आपली सगळी विद्या आपल्या भावाला, पीटर यांना शिकवावी लागली.

पुढे १९३७ मध्ये क्राफ्ट कंपनीनं मॅकरोनी आणि चीज पावडर एकाच खोक्यात विकायला काढली. महामंदीचे दिवस होते, स्वस्तात चार जणांचं जेवण होत होतं, त्यामुळे ते खोकं घराघरात गेलं. तेव्हापासून जगात या पदार्थाच्या दोन वाटा झाल्या. एक खोक्यातली झटपट मॅकरोनी, दुसरी घरी सॉस करून भट्टीत भाजलेली. 'जुन्या पद्धतीची' म्हणतात ती ही दुसरी.

आपल्याकडेही तिचं एक रूप आधीपासून आहे. लग्नाच्या बुफेत किंवा शाकाहारी हॉटेलात मिळणारी 'बेक्ड मॅकरोनी विथ पाइनॅपल' अनेकांनी खाल्लेली असेल. पांढऱ्या सॉसमधली, अननसाच्या फोडी घातलेली, किंचित गोड. ती याच घराण्यातली.

गहू आणि दुधाचं नगर कनेक्शन

सावेडीतून जाणारा मनमाड रस्ता धरला की साधारण ३५ किलोमीटरवर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागतं. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं गहू संशोधनाचं केंद्र नाशिक जिल्ह्यात निफाडला आहे. तिथून आलेल्या वाणांमध्ये 'पंचवटी' आणि 'गोदावरी' ही बन्सी गव्हाची नावं आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनंही बन्सीचे वाण दिलेत. त्यातला 'एमएसीएस ४०२८' हा जिरायती शेतीसाठीचा वाण असून त्यात प्रथिनं साधारण १४.७ टक्के आहेत.

मॅकरोनीच्या लेखात बन्सी गहू कशाला? कारण पाकिटावर ज्याला 'ड्युरम व्हीट' म्हणतात, तो म्हणजेच आपला बन्सी गहू. दाणा कडक, पिवळसर, प्रथिनं जास्त. त्याचा रवा जाडसर पडतो आणि शिजवल्यावर आकार धरून राहतो. आजी ज्या कारणासाठी शेवया आणि कुरडयांना बन्सी मागायची, त्याच कारणासाठी इटलीत पास्त्याला ड्युरम लागतो.

आता दूध. संगमनेर, राहाता, अकोले, श्रीगोंदा असा सगळा पट्टा दुधाचा. चीज बनवण्याचा मोठा उद्योगही जिल्ह्यात आहे. श्रीरामपूरजवळच्या रांजणखोलला प्रभात डेअरीनं चीजचं उत्पादन उभं केलं होतं. २०१९ मध्ये प्रभातचा दुग्धव्यवसाय लॅक्टॅलिस या फ्रेंच समूहाकडे गेला. व्यवहार साधारण १,७०० कोटी रुपयांचा होता. शेजारच्या पुणे जिल्ह्यात मंचरला पराग मिल्क फूड्स आहे, 'गो' नावाचं चीज त्यांचं.

पण हाच पट्टा दुधाच्या दरासाठी रस्त्यावर उतरणारा पट्टाही आहे. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपात रस्त्यावर ओतलेलं दूध सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. २०२४ मध्ये दर कोसळल्यावर अकोले तालुक्यातल्या कोतूळला दूध उत्पादकांनी आंदोलन केलं. त्या वर्षी सरकारला गायीच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं.

ही सगळी गोष्ट तुमच्या ताटातल्या चीजपर्यंत येते. एक किलो चेडर चीज करायला साधारण १० लिटर गायीचं दूध लागतं. म्हणजे २०० ग्रॅम चेडर घातलेल्या एका भांड्यात चीजपुरतंच २ लिटर दूध असतं. वर सॉसचं पाऊण लिटर वेगळं. पण त्या जागी पाम तेलाचं 'चीजसारखं' काहीतरी घातलं, तर त्यातलं बरंचसं दूध गायबच होतं.

चीज अ‍ॅनालॉग म्हणजे काय? ते कसं ओळखायचं?

मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते बनावट पनीर घेऊन विधान भवनात गेले. राज्यात पनीरच्या नावाखाली भलतंच विकलं जातंय, असा मुद्दा त्यांनी मांडला आणि 'अ‍ॅनालॉग' हा शब्द बातम्यांत आला. चर्चा पनीरची झाली, पण चीजचंही गणित तेच आहे.

अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार, दुधातला एखादा घटक काढून त्या जागी पूर्ण किंवा थोडा दुधाबाहेरचा घटक घातला आणि पदार्थ दुधाच्या पदार्थासारखा दिसत असेल, तर तो अ‍ॅनालॉग. बहुतेक वेळा दुधाच्या फॅटऐवजी पाम तेल असतं आणि घट्टपणासाठी स्टार्च असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अ‍ॅनालॉग विकणं बेकायदा नाही आणि ते विषही नाही. त्याला चीज म्हणून विकणं ही फसवणूक आहे. त्यामुळे पाकीट हातात आलं की एवढं बघा:

- पुढचं नाव: 'प्रोसेस्ड चीज', 'चेडर चीज', 'मोझरेला चीज' असं स्पष्ट लिहिलंय का? 'अ‍ॅनालॉग' किंवा 'पिझ्झा टॉपिंग' अशा शब्दांवर थांबा.
- मागची यादी: चीज, दुधाचे घन पदार्थ, मीठ, इमल्सिफायर हे ठीक. पाम तेल, खाद्य वनस्पती तेल, स्टार्च वरच्या क्रमांकावर असेल, तर ते चीज नाही.
- परवाना: १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, तारीख.
- सुटं किसलेलं चीज: लेबल नसलेल्या पिशवीतलं घेऊ नका. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

काडी लावून, आयोडीन टाकून चीज तपासायचे व्हिडिओ फिरत असतात. त्यांच्यावर निकाल लावू नका. आयोडीननं स्टार्च असल्याचं कळेल, पण तेल कोणतं आहे ते कळणार नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते. शंका असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करता येते. पाकीट आणि बिल जपून ठेवा.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक मुद्दा. चीज करताना दूध जमवायला रेनेट लागतं. भारतात बनणाऱ्या चीजसाठी साधारणपणे सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट वापरतात आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. इटलीहून येणारं अस्सल पार्मिजानो रेजियानो मात्र वासराच्या रेनेटवर होतं. ठिपका बघूनच घ्या.

मग कोणतं चीज घ्यायचं?

चेडरला चव आहे. जुन्या पद्धतीच्या मॅकरोनीची खरी चव हीच, किंचित आंबट आणि खारट. पण चेडर जास्त तापलं की फाटतं.

प्रोसेस्ड चीजची चव सौम्य, पण ते सहसा फाटत नाही. त्यात सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घातलेले असतात. हे क्षार चीजमधल्या कॅल्शियमला धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिनं मोकळी होतात आणि फॅट व पाण्याला एकत्र बांधून ठेवतात. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ही युक्ती सापडली. १९१६ मध्ये जेम्स क्राफ्ट यांनी प्रोसेस्ड चीजच्या आपल्या पद्धतीचं अमेरिकेत पेटंट घेतलं.

मोझरेलाला तार सुटते, चव फार नसते. रीलसाठी चांगलं, सॉससाठी नाही. सॉसमध्ये ते चिवट गोळा होऊन बसतं.

पनीर तर वितळतच नाही. ते आंबट घालून दूध फाडून केलेलं असतं. आंबटपणामुळे त्यातलं कॅल्शियम निघून जातं आणि प्रथिनं गरम केल्यावर सैल पडण्याऐवजी अजून घट्ट होतात. त्यामुळे 'चीजऐवजी पनीर' हा सल्ला इथे चालत नाही.

सगळ्यात सोयीचा उपाय म्हणजे अर्धं चेडर, अर्धं प्रोसेस्ड. चव चेडरची मिळते आणि प्रोसेस्डमधले क्षार सगळा सॉस सांभाळून घेतात. जवळच्या दुकानात चेडर मिळालं नाही तर नुसत्या प्रोसेस्ड चीजवरही काम भागतं. २५ ग्रॅमचे ८ क्यूब म्हणजे २०० ग्रॅम.

साहित्य: चार जणांचं जेवण

- मॅकरोनी २५० ग्रॅम, शक्यतो ड्युरम गव्हाच्या रव्याची
- फुल क्रीम दूध ७०० मिली
- लोणी ४० ग्रॅम, मीठ नसलेलं असेल तर उत्तम
- मैदा ४० ग्रॅम, म्हणजे सपाट ५ मोठे चमचे
- चेडर १०० ग्रॅम आणि प्रोसेस्ड चीज १०० ग्रॅम, दोन्ही किसून
- मोहरीची पूड अर्धा छोटा चमचा
- मिरपूड अर्धा छोटा चमचा, चिमूटभर जायफळ
- वरच्या थरासाठी: ३ ते ४ टोस्टचा जाडसर चुरा, १ मोठा चमचा वितळलेलं लोणी
- मीठ, चव बघूनच

मोहरी बघून दचकू नका. तिचा तिखटपणा सॉसमध्ये जाणवत नाही, पण चीजची चव उठून येते. दूध फुल क्रीम नसेल तर गायीचं चालतं, फक्त सॉस थोडा जास्त वेळ आटवा. रतिबाचं दूध असेल तर आधी उकळून घ्या.

चीज पाकिटातून काढून घरीच किसा. किसून मिळणाऱ्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेलं असतं, त्यानं सॉस पिठूळ होतो.

कृती

१. मॅकरोनी अर्धी कच्ची ठेवा. मोठ्या पातेल्यात अडीच लिटर पाणी खळखळ उकळा, दीड मोठा चमचा मीठ घाला, मग मॅकरोनी सोडा. पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा २ ते ३ मिनिटं आधीच काढा. दाताखाली चावली तर मध्ये किंचित कडक लागली पाहिजे. पुढे ती ओव्हनमध्ये सॉस पिऊन शिजणार आहे. चाळणीत निथळा, थंड पाण्याखाली धुऊ नका. चमचाभर लोणी चोळून ठेवा म्हणजे चिकटणार नाही.

२. मैदा परता. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर लोणी वितळवा. मैदा घाला आणि दीड ते दोन मिनिटं सतत हलवा. कच्चा वास गेला पाहिजे, रंग बदलता कामा नये. पिठलं करताना जसं लक्ष ठेवतो, तसंच.

३. दूध थोडं थोडं घाला. दूध कोमट करून घ्या. पहिली अर्धी वाटी घातली की मिश्रण एकदम घट्ट होईल, घाबरू नका. व्हिस्कनं किंवा लाकडी रवीनं ते सारखं करा, मग पुढचं दूध घाला. सगळं दूध गेल्यावर मंद आचेवर ५ ते ६ मिनिटं उकळा. चमचा बुडवून बाहेर काढा, त्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढा. रेघ तशीच राहिली की सॉस झाला.

४. गॅस बंद करा. ही पायरी सोडू नका. गॅस बंद करून एक ते दोन मिनिटं थांबा, सॉसचं बुडबुडे येणं थांबू द्या. आता मोहरी, मिरपूड, जायफळ घाला. मग वरच्या थरासाठी मूठभर चीज बाजूला ठेवून बाकीचं तीन-चार वेळा विभागून घाला. एक मूठ विरघळली की दुसरी. पातेलं पुन्हा गॅसवर ठेवू नका.

५. आता मीठ बघा. चीज खारट असतं, पाण्यातही मीठ होतं. चव घेतल्याशिवाय चिमूटभरही घालू नका.

६. एकत्र करा. मॅकरोनी सॉसमध्ये मिसळा. या क्षणी मिश्रण पातळ वाटलं पाहिजे, दाट आमटीसारखं. आत्ताच घट्ट वाटत असेल तर पाव ते अर्धी वाटी गरम दूध घाला. इथे घट्ट ठेवलं की शेवटी कोरडं होणारच.

७. थर लावा. लोणी लावलेल्या साधारण २ लिटरच्या काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ओता. वर राखून ठेवलेलं चीज, त्यावर लोण्यात चोळलेला टोस्टचा चुरा. हा चुरा म्हणजे शोभा नाही. तो वरचं चीज करपू देत नाही आणि खाताना कुरकुरीतपणा देतो.

८. भाजा. ओव्हन १८० अंशांवर १० मिनिटं आधी तापवून घ्या. मधल्या कप्प्यात २० ते २५ मिनिटं. कडेनं बुडबुडे दिसले आणि वर सोनेरी रंग आला की झालं. रंग कमी असेल तर शेवटची ३ मिनिटं फक्त वरचा रॉड चालू ठेवा आणि समोरून हलू नका.

९. दहा मिनिटं थांबा. लगेच वाढलं तर सॉस ताटभर पळतो. थांबलं की तो मॅकरोनीला धरतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात आणखी एक जुनी पद्धत आहे. तिथे मैद्याचा सॉस करत नाहीत. अंडी आणि दूध फेटून उकडलेल्या मॅकरोनीवर ओततात आणि भाजतात. ती थंड झाली की वडीसारखी कापता येते. अंडं चालणाऱ्यांनी कधीतरी करून बघायला हरकत नाही.

ओव्हन नाही, मग?

ओव्हन नसेल म्हणून हा पदार्थ सोडायचं कारण नाही. तीन परिस्थिती बघू.

ओटीजी असेल तर वरच्या कृतीत काहीच बदल नाही. विजेचं म्हणाल, तर १,५०० वॉटचा ओटीजी ४० मिनिटं सलग चालला तरी जास्तीत जास्त एक युनिट.

मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कन्व्हेक्शन मोड आहे का ते बघा. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर पदार्थ गरम होतो, भाजला जात नाही. आणि त्या मोडवर धातूचं भांडं अजिबात चालत नाही.

फक्त गॅस असेल तर जाड लोखंडी कढई घ्या. तळाला जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा छोटी ताटली उलटी ठेवा, घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. वरच्या प्रमाणाच्या निम्मं मिश्रण केकच्या डब्यात भरून आत ठेवा. मंद ते मध्यम आचेवर २५ मिनिटं. झाकणाला फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी वर पडणार नाही, पण फडक्याची टोकं वर झाकणावरच गाठ मारून ठेवा, ज्योतीजवळ लोंबता कामा नयेत. कढईत वरून आच नसते, त्यामुळे वरचा थर लाल होत नाही. म्हणून टोस्टचा चुरा तव्यावर लोण्यात वेगळा खरपूस करा आणि वाढताना वर घाला. चवीत फारसा फरक कळत नाही.

बऱ्याच घरांत शिट्टी आणि रिंग काढून कुकरमध्ये केक करतात. पण कुकर पाण्याशिवाय बराच वेळ तापवू नये, असं कुकरबरोबरच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. त्यामुळे कढईच बरी.

काय बिघडलं आणि का?

सॉस दाणेदार झाला: चीज उकळत्या सॉसमध्ये पडलं. जास्त उष्णतेत चीजमधली प्रथिनं आकसतात, पाणी आणि फॅट बाहेर ढकलतात. थोडं बिघडलं असेल तर एक प्रोसेस्ड क्यूब आणि दोन चमचे गरम दूध घालून जोरात फेटा, बऱ्याचदा सावरतं.

तेल सुटलं: ओव्हन फार गरम होता, फार वेळ ठेवलं, किंवा चीजच्या नावाखाली दुसरंच काही होतं. लेबल पुन्हा वाचा.

कोरडं झालं: मॅकरोनी पूर्ण शिजवून घेतली किंवा सॉस कमी पडला. पुढच्या वेळी दूध पाव वाटी वाढवा.

लगदा झाला: मॅकरोनी जास्त उकडली, किंवा ती ड्युरमची नव्हती. पाकिटावर नुसतं 'रवा' किंवा 'मैदा' असेल तर उकडण्याची वेळ आणखी कमी करा.

गुठळ्या झाल्या: दूध एकदम ओतलं. चीज घालण्याआधी सॉस गाळून घ्या, प्रश्न मिटतो.

पिठूळ लागतं: मैदा पुरेसा परतला नाही किंवा दूध घातल्यावर सॉस उकळला नाही.

आपल्या चवीचे बदल

मुलांसाठी उकडलेले मक्याचे दाणे चालतात. ढोबळी मिरची, मशरूम, पालक घालायचा असेल तर आधी परतून पाणी आटवा, नाहीतर ते पाणी सॉसमध्ये उतरतं. तिखट हवं असेल तर टोस्टच्या चुऱ्यात ठेचलेला लसूण आणि लाल मिरचीचे तुकडे घाला, सॉस तसाच ठेवा. पाइनॅपलवाली हवी असेल तर डब्यातल्या अननसाच्या फोडी पूर्ण निथळून सगळ्यात शेवटी मिसळा. कच्चा अननस घालू नका, त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दुधाच्या प्रथिनांवर काम करतं आणि चव कडवट होते.

उरलं तर किती दिवस टिकतं?

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. नगरच्या उन्हाळ्यात तर त्याहून आधीच. फ्रिजमध्ये २ ते ३ दिवस चांगलं राहतं. गरम करताना वाटीमागे दोन चमचे दूध शिंपडा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर तापवा, म्हणजे सॉस परत मोकळा होतो. पाहुणे येणार असतील तर सातव्या पायरीपर्यंत आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. फक्त टोस्टचा चुरा भाजायच्या वेळी घाला आणि भाजण्याची वेळ १० मिनिटांनी वाढवा. काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकू शकतं.

हा पदार्थ रोजचा नाही, हेही लक्षात ठेवा. लोणी, चीज, फुल क्रीम दूध आणि मैदा एकाच ताटात आहेत. महिन्यातून एखाद्या रविवारी, सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर घेऊन, पोटभर.

आणि तार निघाली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. चेडरच्या सॉसला लांब तार सुटतच नाही, तो चमच्यावरून दाट पडतो. ते बिघडल्याचं लक्षण नाही. पुढच्या वेळी दुकानात चीज घेताना पाकीट फक्त एकदा उलटं करून मागची यादी वाचा. त्यात दूध असेल, तर त्यातला थोडा पैसा तुमच्याच जिल्ह्यातल्या एखाद्या गोठ्यापर्यंत पोचायची शक्यता तरी राहते.